टेस्ट हिरव्या, पॅकेज रिकामं: 'डेटा फाइल वेगळी तपासायची गरज नाही' या सल्ल्याला उत्तर

सोलापुरातल्या कॉलेजांत प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मतलब असा: 'पॅकेजसोबत जाणाऱ्या डेटा फाइलची वेगळी टेस्ट लिहीत बसू नका. फाइल रेपोत आहे. टेस्ट हिरव्या आहेत. लिनक्सवर चाललं म्हणजे सगळीकडे चालतं. फारच वाटलं तर फाइल जागेवर आहे का एवढं बघा.' (पॅकेज म्हणजे दुसऱ्याला बसवता येईल असा कोडचा गठ्ठा, रेपो म्हणजे त्या कोडचा साठा, टेस्ट म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड, आणि हिरवी म्हणजे पास.) हेतू वेळ वाचवण्याचा आहे, हे मान्य. पण पहिल्या वाक्यानंतरची चारही वाक्यं फसवी आहेत, आणि ते कळतं तेव्हा पॅकेज दुसऱ्याच्या संगणकावर पोचलेलं असतं.

उदाहरण एकच धरू. समजा, 'तालुके' नावाचं छोटं पायथन पॅकेज आहे. त्यात सोलापूर जिल्ह्याच्या 11 तालुक्यांची नावं असलेली एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) आहे आणि ती वाचणारा थोडा कोड आहे. ते बसणार आहे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात, विंडोज संगणकावर.

'फाइल रेपोत आहे.' असेल, पण ग्राहकाकडे रेपो जात नाही. जाते ती व्हील, म्हणजे एक साधी झिप फाइल. तिच्यात काय भरायचं ते सेटअपटूल्स, म्हणजे पॅकेज बांधणारं साधन, ठरवतं. पायथनच्या .पीवाय फाइली ते आपोआप उचलतं, सीएसव्ही उचलेलच असं नाही. इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. पायप्रोजेक्ट.टॉमल ही सेटिंगची फाइल वापरली की 'इन्क्लूड-पॅकेज-डेटा' मुळातच चालू असतं, हे खरं. म्हणून लोक निर्धास्त होतात. पण त्या सेटिंगचा अर्थ 'मॅनिफेस्ट.इन फाइलने किंवा गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) वाचणाऱ्या प्लगइनने ज्या फाइली सांगितल्या त्या घे' एवढाच आहे. दोन्ही नसतील तर घ्यायला काहीच नाही, आणि बिल्ड चूक न दाखवता पूर्ण होतं. त्यापेक्षा 'पॅकेज-डेटा'मध्ये 'डेटा/*.सीएसव्ही' असं स्पष्ट लिहिलेलं बरं. एक तारा उपफोल्डरांत उतरत नाही, हेही ध्यानात असू द्या. शिवाय हे मार्ग पॅकेजच्या फोल्डरपासून मोजले जातात, त्यामुळे डेटाचं फोल्डर पॅकेजच्या आतच हवं.

याच्या उलटंही होतं. जुनं 'बिल्ड' फोल्डर आणि 'एग-इन्फो' फोल्डरातली सोर्सेस.टीएक्सटी ही फाइलींची यादी आधीच्या बिल्डमधून शिल्लक राहिली की आधी काढून टाकलेली फाइलसुद्धा नव्या व्हीलमध्ये जाते. तुमच्या संगणकावरची व्हील बरोबर आणि नव्या क्लोनमधून (रेपोच्या ताज्या प्रतीतून) केलेली अपुरी, असं दिसलं तर पहिला संशय याच दोघांवर घ्या.

'टेस्ट हिरव्या आहेत.' कोणत्या प्रतीवर? आमच्या मते सगळ्यात कळीचा प्रश्न हाच आहे. 'पिप इन्स्टॉल -ई' (पॅकेज सोर्सच्या जागीच जोडून बसवणं) केलं असेल तर पायथन थेट तुमच्या सोर्स फोल्डरातून वाचतं. टेस्ट चालवणारं पायटेस्ट 'पायथन -एम पायटेस्ट' असं चालवलं तर चालू फोल्डर शोधमार्गात सर्वात पुढे लागतं, आणि पॅकेज रेपोच्या मुळाशी असेल तर नीट इन्स्टॉल केलेली प्रत बाजूला राहून सोर्समधलीच वापरली जाते. दोन्ही वेळा डेटा फाइल शेजारीच असते, मग टेस्ट हिरवी होणार नाही तर काय होणार? पॅकेज 'एसआरसी' फोल्डरच्या आत ठेवलं की दुसरा अपघात टळतो, पहिला टळत नाही.

खरी तपासणी अशी करा. कामाच्या फोल्डरला हात न लावता दुसरीकडे नवा क्लोन घ्या. तिथे 'पायथन -एम बिल्ड' चालवा. यात आधी सोर्सची टार फाइल बनते आणि तिच्यातून व्हील, म्हणजे एका फेरीत दोन्ही तपासल्या जातात. '--व्हील' जोडलंत तर व्हील थेट फोल्डरातून बनते आणि टारमधली उणीव लपते. लॅबमध्ये इंटरनेट नसेल तर ही आज्ञा अडते, कारण ती स्वतंत्र वातावरण उभारून सेटअपटूल्स उतरवू पाहते. अशा वेळी सेटअपटूल्स आधी बसवून '--नो-आयसोलेशन' द्या. मग 'पायथन -एम झिपफाइल -एल' ने व्हीलची यादी काढून सीएसव्ही डोळ्यांनी बघा. पुढे तिसऱ्याच फोल्डरात नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) करा, व्हील पूर्ण मार्ग देऊन बसवा, फक्त टेस्टचं फोल्डर तिथे कॉपी करा आणि चालवा. पहिल्या टेस्टमध्ये पॅकेजचा '__फाइल__' मार्ग तपासा. त्यात 'साइट-पॅकेजेस' (बसवलेल्या पॅकेजांचं फोल्डर) नसेल तर पुढच्या हिरव्या रंगाला किंमत नाही.

पर्ल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत हीच खोड वेगळ्या रूपात आहे. टेस्ट चालवणारं 'प्रूव्ह -एल' फक्त कोडचं 'लिब' फोल्डर जोडतं, पण डेटा फाइल शोधणारं फाइल::शेअरडिर मॉड्यूल इन्स्टॉल झालेल्या जागी, 'ऑटो/शेअर/डिस्ट'खाली शोधतं. फाइल सापडली नाही तर निदान कळतं तरी. पण त्याच संगणकावर पॅकेजची जुनी आवृत्ती बसलेली असेल तर नवा कोड जुन्या डेटावर चालतो आणि टेस्ट पास होते. फाइल::शेअरडिर::इन्स्टॉल वापरत असाल तर आधी 'मेक' (हे कोड आणि डेटा 'ब्लिब' फोल्डरात मांडतं), मग 'प्रूव्ह -बी' (हे त्या फोल्डरावर टेस्ट चालवतं). सोडण्यापूर्वी 'मेक डिस्टटेस्ट' करा, कारण ते मॅनिफेस्टमध्ये लिहिलेल्या फाइलींपुरतं वेगळं फोल्डर बनवून त्यात टेस्ट चालवतं.

'लिनक्सवर चाललं म्हणजे सगळीकडे चालतं.' मराठी डेटा असेल तर हे वाक्य सर्वात महाग पडतं. 'ओपन' करताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) दिलं नाही तर लिनक्सवर बहुधा यूटीएफ-8 धरलं जातं. इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर पायथनच्या आजवर रुळलेल्या आवृत्त्या सीपी-1252 हा पश्चिम युरोपीय अक्षरांचा तक्ता धरतात. त्या तक्त्यात 81, 8डी, 8एफ, 90 आणि 9डी या पाच बाइट्सना (आकडे सोळाच्या पायावरचे) अक्षरच नाही. यूटीएफ-8मध्ये मराठीतल्या हलन्ताचा (जोडाक्षर बनवणाऱ्या पाय मोडायच्या चिन्हाचा) शेवटचा बाइट 8डी, आणि ऱ्हस्व उकाराचा 81. त्यामुळे अक्कलकोट, बार्शी, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर या चार नावांवर प्रोग्राम एरर देऊन थांबतो. उरलेल्या सात नावांत, म्हणजे मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला आणि माळशिरस यांत, या पाचांपैकी एकही बाइट नाही. ती बिनतक्रार वाचली जातात आणि कारखान्याच्या बिलावर तालुक्याच्या जागी कचरा छापला जातो. टेस्टच्या नमुन्यात फक्त 'पंढरपूर' असेल आणि टेस्ट 'काहीतरी मजकूर आला' एवढंच बघत असेल, तर ती विंडोजवरही पास होईल.

उपाय सोपा आहे: प्रत्येक वाचनाला 'एन्कोडिंग=यूटीएफ-8' द्या. कुठे राहिलं ते लिनक्सवर बसूनच कळतं. पायथन 3.10 पासून '-एक्स वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग' हा पर्याय आहे, तो अशा जागी इशारा देतो. सीएसव्ही एक्सेलमधून 'यूटीएफ-8' म्हणून जतन केली असेल तर सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) चिकटतो आणि 'तालुका' हा पहिला स्तंभ त्या नावाने सापडत नाही; तिथे 'यूटीएफ-8-सिग' लागतं. फाइलनावातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा घोळ उलट दिशेने होतो: विंडोजवर खपतो, लिनक्सवर अडकतो.

'फाइल जागेवर आहे का एवढं बघा.' गिट एलएफएस (मोठ्या फाइली रेपोबाहेर ठेवणारी सोय) वापरत असाल आणि बिल्डच्या संगणकावर ते बसवलेलं नसेल, तर खऱ्या फाइलच्या जागी तीन ओळींची पॉइंटर फाइल येते. नाव तेच, जागा तीच, आकारही शून्य नाही. म्हणून आतला मजकूर तपासायचा: नोंदी 11 आहेत का, 'अक्कलकोट' अक्षरशः तसंच मिळतं का.

टाइमझोनच्या डेटाचंही तसंच. पायथनचं झोनइन्फो आधी सिस्टिमचा डेटा बघतं आणि तो नसेल तर टीझेडडेटा पॅकेज. विंडोजवर पहिला नसतोच, आणि दुसरा अवलंबित्वांत (सोबत बसवायच्या पॅकेजांच्या यादीत) लिहायचा राहून जातो. मग कोणी 'सापडलं नाही तर जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे धर' अशी पळवाट कोडमध्ये ठेवतं, आणि आजच्या तारखेची टेस्ट त्या पळवाटेवरही पास होते. टेस्टला 1 जानेवारी 1943 ही तारीख द्या. युद्धकाळात, 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945, भारतातलं घड्याळ तासभर पुढे होतं, म्हणून 'आशिया/कोलकाता'साठी उत्तर साडेसहा तास यायला हवं. साडेपाच आलं तर डेटा वाचलाच गेलेला नाही.

सल्ल्यामागचा वेळ वाचवण्याचा विचार एका बाबतीत बरोबर आहे: मोठी डेटा फाइल प्रत्येक टेस्टमध्ये वाचू नये. फंक्शनच्या टेस्टला दोन-तीन ओळींचा नमुना पुरतो. पण बसवलेल्या पॅकेजमधल्या खऱ्या फाइलवर निदान एक टेस्ट हवीच.

आणखी एक तपासणी सहज करता येते. काही पॅकेजं डेटाच्या शेजारीच कॅश (पुन्हा लागणाऱ्या माहितीची साठवण) लिहितात. स्वतःच्या फोल्डरात ते चालतं, पण ॲडमिनने बसवलेल्या जागी साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. बसवलेल्या पॅकेजच्या फोल्डरवर 'सीएचमॉड -आर ए-डब्ल्यू' ही लिहायची परवानगी काढणारी लिनक्सची आज्ञा चालवा आणि टेस्ट पुन्हा लावा. ती साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालली पाहिजे. कंटेनरात (टेस्टसाठी उभारलेल्या बंदिस्त वातावरणात) बहुधा रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, असतो, आणि रूटला ही बंदी लागू होत नाही.