भाजीसारख्या ममी? फोटो खरा, खालची ओळ नाही

दर काही महिन्यांनी एक फोटो फिरून येतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या ममी आणि शेजारी पेंगलेला विक्रेता. खालची ओळ ठरलेली: ‘1865, ब्रिटिश राजवटीतला इजिप्त. रस्त्यावर ममी भाजीसारख्या विकत. गोरे प्रवासी त्या घरी नेऊन पार्टीत उलगडत, उरलेल्या रेल्वेच्या इंजिनात जाळत.’

आधी साल. फोटो फेलिक्स बोंफिस या फ्रेंच छायाचित्रकाराचा म्हणून सांगतात. त्याने बैरुतमध्ये स्टुडिओ थाटला 1867 मध्ये. आणि ब्रिटिश फौजांनी इजिप्त व्यापला 1882 मध्ये. 1865 ला तिथे मुहम्मद अली या राज्यकर्त्याच्या घराण्याचा कारभार होता, वर नावाला ऑटोमन सुलतान.

आता ‘रस्त्यावर’. ममींचा धंदा होता, यात शंका नाही. पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर 1835 मध्येच बंदी आली, तरी माल जातच राहिला. पण हा फोटो म्हणजे बाजाराची बातमी नव्हे, तो स्वतःच विकायचा माल होता. 1871 मध्ये बोंफिसने आपला साठा कळवला: 591 निगेटिव्ह आणि त्यांवरून काढलेल्या 15,000 प्रती. सहली नेणाऱ्या इंग्रज थॉमस कुकने नाईल नदीवरची पहिली सहल नेली 1869 मध्ये. अशा प्रवाशांना घरच्या अल्बमात डकवायला ‘पूर्वेकडचं’ काहीतरी हवंच असे. बोंफिसच्या स्टुडिओत तर एकाच माणसाला कपडे बदलून वेगवेगळ्या धंद्यांचा म्हणून उभं केल्याचे नमुने आहेत. मग या विक्रेत्याची डुलकी तरी खरी कशी मानायची?

रेल्वेचं सोपं आहे. ती अमेरिकी लेखक मार्क ट्वेनची 1869 मधली थट्टा. इंजिनवाला म्हणतो, ही सामान्य माणसं नीट जळत नाहीत, एखादा राजा द्या! ऐकलं ते सांगतोय, असं म्हणून ट्वेन स्वतः हात झटकतो. आपण मात्र ते गंभीरपणे फॉरवर्ड करतो.

ममी उलगडण्याची गोष्ट निव्वळ थाप नाही. 1850 मध्ये लॉर्ड लंडस्बरोने लंडनमध्ये पिकॅडिलीतल्या आपल्या घरी त्यासाठी छापील निमंत्रणं पाठवली होती. मात्र असे बरेच कार्यक्रम व्याख्यानाच्या थाटात होत. थॉमस पेटिग्रू हा शल्यविशारद 1830 च्या दशकात लंडनच्या प्रेक्षकांपुढे ममी उलगडून दाखवी.

ममींचा चुराडा झालाच नाही, असं मात्र नाही. 1890 मध्ये इजिप्तमधल्या बेनी हसनहून सुमारे 1,80,000 मांजरांच्या ममी खतासाठी लिव्हरपूलला आल्या, जवळजवळ 19 टन. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा म्हणून त्यातल्याच एका मांजराचं डोकं वापरल्याचं सांगतात.