घाणेरी म्हणजे एल्डरबेरी नाही भो!

परवापासून आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आधी चोपड्याच्या मावशीकडून आला, मग यावलहून, मग धुळ्याच्या साडूंनी पण टाकला. मजकूर असा की बांधावरच्या घाणेरीची काळी फळं म्हणजेच परदेशातली महागडी एल्डरबेरी, रोज मूठभर कच्ची खा, इम्युनिटी वाढते, पाखरं खातात म्हणजे विषारी नाही, आणि नैसर्गिक आहे तर साईड इफेक्ट कसला.

पहिलं म्हणजे झाडच वेगळं. एल्डरबेरी युरोप-अमेरिकेकडची, एका देठावर समोरासमोर ५-७ पानं, फुलं पांढरट, फळांचे घोस छत्रीसारखे पसरट. घाणेरीच्या एका देठाला एकच पान, खरखरीत, चुरगळलं की तो वास (नाव उगाच पडलं का?), आणि फळं एकाच गोळ्यात चिकटलेली. दोन्ही फळं काळी, एवढंच काय ते साम्य!

आता "कच्ची खा" घ्या. खरी एल्डरबेरी सुद्धा कच्ची खात नाहीत. तिच्या पानात, काड्यांत, सालीत, हिरव्या फळांत आणि बियांत असं द्रव्य असतं की त्यातून पोटात सायनाइड सुटतं, म्हणून तिकडचे लोक फक्त पिकलेली फळं काड्यांपासून सोडवून, चांगली शिजवून मग त्याचं सरबत नाहीतर जॅम करतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात एका शिबिरात लोकांनी फळं पानं-काड्यांसकट कच्ची पिळून रस प्यायला, ११ जण आजारी पडले, त्यातल्या ८ जणांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं. सगळे वाचले, पण हेलिकॉप्टर!! आपल्याकडे सातपुड्यातले लोक कडू कंद काप करून उकळतात, वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच खातात, ते काय हौस म्हणून? आणि म्हणून घाणेरी पण शिजवून खाऊ असं कोणी म्हणू नका, तो उपाय एल्डरबेरीचा आहे.

पाखरांचं तर सोडाच, पोपट मिरची खातो, त्याला तिखट लागतच नाही.

"नैसर्गिक" वाल्यांनी आमच्या शेजाऱ्यांचं वासरू बघायला पाहिजे होतं. दुष्काळात चारा नव्हता, बांधावरची घाणेरी खाल्ली. तीन-चार दिवसांत डोळे पिवळे, नाकावरची कातडी वाळून सोलायला लागली, उन्हात उभं राहीना, सारखं गोठ्याच्या अंधारात शिरायचं. डॉक्टर म्हणाले लिव्हर गेलं, घाणेरीनं असंच होतं, अंगाला ऊन सोसत नाही. गुंज, कण्हेर पण नैसर्गिकच आहे की.

इम्युनिटीबद्दल एवढंच, काही छोट्या अभ्यासांत एल्डरबेरीच्या तयार अर्कानं सर्दी-फ्लूचे दिवस थोडे कमी झाल्यासारखे दिसले, तेही पक्कं नाही. घाणेरीचा त्यात काडीचा संबंध नाही.

हो, लहानपणी आम्हीही पिकलेली काळी दोन-चार तोंडात टाकायचो, आजी मागून ओरडायची "हिरवं नको खाऊ रे पोऱ्या!" जास्त धोका हिरव्याचाच. पण दोन-चार वेगळं आणि रोज मूठभर औषध म्हणून वेगळं, आणि पोरांना मुठीतलं हिरवं-काळं निवडायला कुठे वेळ असतो. कुणाच्या पोरानं खाल्लंच तर बोटं घालून उलटी काढत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि फळं-पानांसकट फांदी सोबत न्या, "काहीतरी काळं खाल्लं" सांगून डॉक्टरला काय कळणार.