नर्सरीत पहिला नंबर कसा काढावा (पालकांनी)

तुमचं मूल यंदा नर्सरीत गेलं? अभिनंदन. आता तुमचा अभ्यास सुरू.

सर्वप्रथम, रात्री साडेनऊनंतर मोबाइल हातातून सोडू नका. शाळेचा मेसेज तेव्हाच पडतो. ‘उद्या ग्रीन डे. पाल्यास हिरवे कपडे, हिरवा खाऊ व एक हिरवी वस्तू द्यावी.’ वस्तू म्हणून पालक चालतो. शाळेला तसाही पालकच लागतो.

घरात काऊ-चिऊ बंद. क्रो आणि स्पॅरो. आजीला आधीच कल्पना द्या.

आता प्रकल्प. मागच्या आठवड्यात आमच्या साडेतीन वर्षांच्या कन्येला विषय आला, ‘पर्यावरण वाचवा’. दीड फूट बाय दीड फूट, थ्री-डी, आणि ‘पालकांनी थोडी मदत करावी’. थोडी! तिला अजून चपलेचा डावा-उजवा कळत नाही. स्टेशनरीवाल्यानं शाळेचं नाव ऐकताच न विचारता सगळा सेट काउंटरखालून काढला. गणपतीच्या मखराला थर्माकोल 2018 सालीच राज्यात बंद झाला, पर्यावरण वाचवायला मात्र मिळतो. रात्री एक वाजता नवरा ग्लू गननं भाजलेलं बोट तोंडात धरून धबधबा चिकटवत होता. लेकीनं झोपण्यापूर्वी एकच झाड लावलं होतं. मुळं वर, शेंडा खाली. शेजारच्या निळ्या नदीवर तिच्या बोटांचे दोन चिकट ठसे. ती झोपल्यावर मी झाड उपटून सरळ केलं आणि ठशांवर निळा रंग फिरवला. होय, मीच.

सकाळी मॅम म्हणाल्या, ‘व्हेरी नाइस, मम्मा!’ मला. लेकीच्या हातावर स्टार चिकटवला. तिनं स्टारकडे बघितलंही नाही. ‘माझं झाड कुठंय?’ म्हणाली.

आणि शनिवारी पालकसभेत त्याच मॅम सांगतात, ‘तिची बोटांची पकड जरा वीक आहे, घरी प्रॅक्टिस घ्या.’

कशी येणार पकड? कात्री मी धरते, गोंद बाबा लावतो, बक्षीस तुम्ही देता. अहो, ताराबाई मोदकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं ते शिंपले, बिया आणि पानांवर. पाड्यावरची पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. आणि तुम्ही हजारांत फी घेऊन अख्खी शाळा आमच्या डायनिंग टेबलावर आणून टाकता, तीही रात्री दहाला! 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वयाच्या मुलांनी खेळातून शिकावं असं लिहिलंय. आमची खेळते कधी? प्रकल्पाला हात लावू नकोस म्हणून मी ओरडते तेव्हा? घरचं सहकार्य हवंय ना, मग वर्गात ती दिवसभर काय करते, कशाला हसते, कोणाशी भांडते, हे सांगा की कधीतरी! वर्षभरात त्यावर एक मेसेज नाही. उलटं झाड टेबलावर मांडायची लाज वाटते तुम्हाला. मलाही वाटली, म्हणून तर उपटलं.

आणि ग्रुपवर ‘थँक यू मॅम’ आणि जोडलेले हात टाकणाऱ्या सत्तेचाळीस जणांनो, तुम्ही तर बोलूच नका. रात्री अकराला माझ्या दारात फेविकॉल मागायला कोण कोण आलं होतं, ते चांगलं लक्षात आहे माझ्या.