३१ मार्चच्या आत युवक घडवून देण्याची रीत

मार्चचा तिसरा आठवडा म्हणजे "उरलेला निधी ३१ पूर्वी खर्च करून यूसी (निधी वापरल्याचा दाखला) पाठवा" अशा ईमेलांचा हंगाम. आमच्या संस्थेला निधी देणाऱ्या कंपनीच्या यंदाच्या एका ईमेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती: समारोपाचे फोटो मिळाले, पण मुलं फार नीटनेटकी दिसतात, थोडी गरजू वाटतील असे काही असल्यास पाठवावेत. ती ओळ वाचल्यावर पटलं की गावातल्या पोरांना 'मेंटरिंग' द्यायला निघालेल्या मंडळींना कुणीतरी रीतसर मार्गदर्शन करायला हवं. तुमची कंपनी, तुमचा ट्रस्ट, तुमचं मंडळ या पुण्यकर्मात नव्यानं उतरत असेल तर खालचा मजकूर छापून टेबलाच्या काचेखाली सरकवा.

सगळ्यात आधी मुहूर्त. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम मोठ्या कंपन्यांनी समाजासाठी खर्च करावी, हाच तो सीएसआर. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं म्हणून तुम्ही लगेच एप्रिलमध्ये कामाला लागाल, तर नवखे ठराल. एप्रिल-मे हिशेबात घालवा, जून-जुलै समितीच्या बैठकीची तारीख ठरवण्यात. ऑगस्टमध्ये प्रस्ताव मागवा. मग कागदपत्रं: आयकराची १२ए आणि ८०जी, सीएसआर-१ ची नोंदणी, संस्थांच्या सरकारी पोर्टलचा दर्पण क्रमांक, धर्मादाय कार्यालयाचं नोंदणीपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सगळ्या विश्वस्तांचे पॅन. संस्थेनं ते पाठवले की तेच पुन्हा मागवा, या खेपेला पानोपानी सही-शिक्का मारून. दिवाळी होऊ द्या. करार डिसेंबरात, पहिला हप्ता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात.

आता जानेवारीअखेर गावात कोण उरलंय ते बघा. दहावीच्या सराव परीक्षा, बारावीची प्रात्यक्षिकं, फेब्रुवारीत बोर्ड. बीड-जालन्याकडे असाल तर ऊसतोडीच्या घरांतली पोरं दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेली असतात, ती पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परततात. म्हणजे तुम्हाला प्रस्तावात हवी असलेली १५ ते १८ वयाची २०० मुलं नेमकी याच दोन महिन्यांत तुमच्या हाती लागत नाहीत. घाबरू नका. शेजारच्या आश्रमशाळेत पाचवी-सहावीची दोनशे पोरं एकगठ्ठा मिळतात. मुख्याध्यापकांना एक फोन करा, दुपारचे दोन तास मागून घ्या. अहवालात 'किशोर व युवा' लिहिलं की वयं कुणी मोजत नाही.

(कायद्यात 'चालू प्रकल्प' दाखवून काम पुढची तीन आर्थिक वर्षं नेण्याची सोय आहे. वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकली की झालं. जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करून पुढच्या मेपर्यंत निवांत चालवता येईल. पण त्यासाठी संचालक मंडळापुढे एक पान जास्त ठेवावं लागतं, आणि इतका त्रास कोण घेतो.)

कार्यक्रमाचं नाव इंग्रजी ठेवा. आद्याक्षरं जुळून 'उडान' झालं पाहिजे, अर्थ मागाहून बसवता येतो.

मेंटर कंपनीतूनच आणा. हिशेब सोपा आहे: २५ कर्मचारी, प्रत्येकी ४० मुलं, हजार लाभार्थी. एका मेंटरकडे तीन-चारच मुलं द्या, आठवड्याला एक तास ठरवा, निदान वर्षभर माणूस बदलू नका, असं जुनी कार्यकर्ती मंडळी सांगतील. त्यांचं ऐकलंत तर आकडा शंभरावर अडतो, आणि स्लाइडवर शंभर फारच केविलवाणे दिसतात. प्रशिक्षणावर दोन दिवस घालवू नका. पोलीस पडताळणी, मुलाला बंद खोलीत एकट्यानं भेटायचं नाही, रात्री खासगी नंबरवरून मेसेज करायचा नाही, काही वावगं कानावर आलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, एवढं सगळं २० मिनिटांच्या व्हिडिओत उरकतं. तो व्हिडिओही दीडपट वेगानं बघता येतो.

पहिल्या शनिवारी दोन बस भरून मेंटर येतील, सेल्फी होतील, पिठलं-भाकरीचं कौतुक होईल. दुसऱ्या शनिवारी एक बस. तिसऱ्या शनिवारी, ज्यांच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'स्वयंसेवा' हा रकाना अजून रिकामा आहे, तेवढे. चौथ्यापासून झूम, आणि गावात रेंज येते ती शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या जुन्या कार्यक्रमातल्या जोड्यांवर ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास मात्र होता त्याहून खाली आला. म्हणजे त्या पोरांच्या वाटेला कुणी गेलंच नसतं तर बरं झालं असतं. तुमचा कार्यक्रम किती आठवड्यांचा? दहा? छान.

वेळ दुपारी चारची ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते, अकरा-साडेअकराला सुटते, तेव्हा खिचडी खाऊन लगेच बसवलं तर सगळी मुलं थांबतात. पण मेंटर शहरातून नाश्ता करून निघणार, तेव्हा चारच बरे. मुली येतात त्या एसटीच्या पासवर किंवा मानव विकास योजनेच्या मुलींसाठीच्या निळ्या बसनं, आणि ती बस शाळेच्या घंटेवर चालते, तुमच्या वेळापत्रकावर नाही. शाळा सुटली की वाड्यावस्त्यांवरच्या पोरी तिच्यात बसून निघून जाणार. चार वाजता उरतात ती गावठाणातली मुलगे मंडळी. मग अहवालात गंभीरपणे लिहा: मुलींमध्ये प्रेरणेचा अभाव आढळला.

विज्ञानाची लॅबही द्याच. केंद्राच्या योजनेतून शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाख मिळतात, त्यातले १० उभारणीला आणि १० पुढची पाच वर्षं चालवायला. तुम्ही फक्त उभारणीचा भाग उचला. थ्रीडी प्रिंटर घ्या, फीत कापा. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेलं पीएलए फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लास्टिकची तार, ओल धरतं, छपाई फुटक्या बुडबुड्यांची येते, तार कडाकड मोडते, ०.४ मिलिमीटरचं नोझल तुंबतं. ते दोनेकशे रुपयांना मिळतं, पण 'दुरुस्ती व सुटे भाग' या शीर्षाखाली तरतूद नसल्यामुळे सव्वा लाखाचं यंत्र मखरातल्या गणपतीसारखं बसून राहतं. फरक इतकाच की गणपती दहा दिवसांनी तरी हलतो.

मोजमाप शास्त्रशुद्ध हवं. पहिल्या दिवशी विचारा, 'तुमचा आत्मविश्वास १ ते ५ मध्ये किती?' हाच प्रश्न शेवटच्या दिवशी, समोसे वाटून झाल्यावर लगेच. मधल्या काळात जी गळाली त्यांची नावं यादीतून काढा. कंटाळलेली, कामावर गेलेली, लग्न ठरलेली पोरं वजा झाली की सरासरी आपोआप चढते, तुम्ही काहीही केलेलं नसलं तरी. खरं मोजायचं असेल तर एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती बघावी लागेल. आठवीत परीक्षा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, निवड झालेल्या मुलीला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. बँक खातं आधारला जोडलेलं नाही, नावात आईचं नाव आहे का बापाचं यावरून जुळत नाही, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जुना झाला, यांतलं काहीही झालं की पैसे अडतात, आणि घरात कुणाला कळतसुद्धा नाही. ज्या मेंटरनं एका पोरीचं नूतनीकरण वेळेत करून दिलं त्यानं वर्षाचं काम केलं. पण त्याचा आलेख निघत नाही.

बीजभाषणाला वक्ता मुंबईचाच बोलवा. तालुक्यातले बोलले की पोरांना समजतं.

आता अंदाजपत्रक. समजा २०० मुलं आणि १२ लाख रुपये. टी-शर्ट, बॅग, बाटली असा संच ६५० रुपयांचा, १ लाख ३० हजार. उद्घाटन आणि समारोप दीड लाख. व्हिडिओ १ लाख २० हजार. टॅब २०, प्रत्येकी १२ हजारांचे, २ लाख ४० हजार. तज्ज्ञांचा प्रवास-मुक्काम १ लाख ६० हजार. फ्लेक्स आणि छपाई ६० हजार. प्रभाव अहवाल १ लाख. खाऊ ४० रुपये दराने १२ सत्रं, ९६ हजार. मग दोन ताई, म्हणजे संस्थेच्या गावातल्या कार्यकर्त्या, प्रत्येकी महिना ८ हजार मानधन, सहा महिने, ९६ हजार. उरले ४८ हजार, त्यात संस्थेचा हिशेबनीस, खोलीचं भाडं, वीज, लेखापरीक्षण. ४८ हजार म्हणजे ४ टक्के. फंडर, म्हणजे निधी देणारी कंपनी, म्हणणार, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत आहे, उत्तम, अजून थोडा कमी करता येईल का?

हे ५ टक्के कुठून आले ते एकदा वाचा तरी. सीएसआरच्या नियमांतली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेचा कार्यक्रम चालवण्याचा खर्च त्यात धरायचा नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रश्नोत्तरांतून केला आहे. तरी प्रत्येक करारात तीच ओळ, प्रत्येक फोनवर तोच प्रश्न, आणि समोर बसलेल्या संस्थेची छाती होत नाही सांगायची, कारण पुढच्या वर्षाचा निधी फंडरच्याच हातात. मग हिशेबनीसाचा पगार 'प्रशिक्षण साहित्य' या शीर्षाखाली दडवा, भाडं 'कार्यशाळा' म्हणून दाखवा. खोटं बोलायला तुम्ही भाग पाडायचं आणि पारदर्शकतेवरची कार्यशाळाही तुम्हीच घ्यायची.

आणि त्या ८ हजारांत ताई काय करते? घरोघर जाते. "पोरीला शनिवारी पाठवा" म्हणून आईला सांगते, आजीला सांगते, चुलत्याला वेगळं सांगते. मस्टर कागदावर भरते, तेच रात्री अॅपमध्ये भरते, स्वतःच्या रिचार्जवर. फोटो जिओ-टॅग करून पाठवते, टॅग चुकला की तीन किलोमीटर परत जाऊन तीच पोरं त्याच भिंतीपुढे उभी करते. कोण आजारी, कुणाचा बाप पितो, कुणाचं लग्न गुपचूप ठरतंय, हे तिला ठाऊक असतं, आणि ते विचारणारा रकाना अॅपमध्ये नाही. मेंटर यायचे थांबले की पोरं तिलाच विचारतात, "ताई, दादा कधी येणार?" तिच्या मानधनाच्या पावतीवर १ रुपयाचं महसुली तिकीट नव्हतं म्हणून पावती परत आली. दुरुस्त करून पाठवली तर आता दुसरा हप्ता अडलाय, कारण पहिल्याची यूसी तपासणारे साहेब रजेवर आहेत. समारोपाच्या मांडववाल्याचे पैसे मात्र त्याच दिवशी गेले. त्याच्याकडे उधारी चालत नाही. ताईकडे चालते.

पुरे झाला उपरोध. फोटोचं बोलू.

तुम्हाला गरजू दिसणारी मुलं हवी आहेत. ती मुलं समारोपाला नीटनेटकी दिसली, कारण त्यांच्या आयांनी आदल्या रात्री गणवेश धुतले, पाणी टँकरचं असताना धुतले. शहरातले पाहुणे येणार म्हणून डोक्याला तेल लावलं, वेण्या घातल्या. तुम्ही दिलेला टी-शर्ट दोन नंबर मोठा होता, तो खोचून बसवला. आणि तुम्हाला त्यांचे केस विस्कटलेले हवेत? २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ खालच्या मुलांची माहिती वापरायला पालकाची संमती लागते असं लिहिलंय, पण ते राहू द्या. कायद्याआधी लाज येते. तुमच्या मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातून कुणी असा फोटो मागितला असता तर तुम्ही काय केलं असतं?

तुम्हाला गावात येऊन पोरांशी बोलायचं असेल तर या, पण दोन वर्षं येणार असाल तरच या. कुठला शनिवार जमणार नाही ते आधी कळवा, पोरं थांबतात. समारोप झाल्याच्या पुढच्या शनिवारीही अकरा मुलं समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसली होती, कारण कार्यक्रम संपला म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुलूप होतं. ती तासभर बसून घरी गेली. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

नवे फोटो मिळणार नाहीत. ताईंचं जानेवारीपासूनचं मानधन तेवढं पाठवा. दोघींचे खाते क्रमांक कराराच्या तिसऱ्या पानावर आहेत, सही-शिक्क्यासह.