‘गूगल उघडतंय ना, मग नेट ठीक आहे’: नाही हो, काका!

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. ‘ब्राउझर चालतो, पण मेल, गेम किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर नेटला जोडत नाही? केबलवाल्याला फोन करू नका, नेट ठीक आहे. 1) सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. 2) फायरवॉल कायमची बंद करा. 3) डीएनएस 8.8.8.8 करा, स्पीड दुप्पट. 4) विंडोज तुमचं 20 टक्के नेट दाबून ठेवते, ते सोडवा. 5) नाहीच जमलं तर फॉरमॅट.’ या मेसेजपायी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा अख्खा रविवार गेला, म्हणून लिहायला बसलो.

मुळात ‘नेट ठीक आहे’ इथेच घोळ आहे. ब्राउझर बहुतेक वेळा एकाच दारातून ये-जा करतो, पोर्ट 443. मेलचं सॉफ्टवेअर पत्रं आणायला 993 आणि पाठवायला 587 किंवा 465 वापरतं. जुन्या सेटिंगमध्ये पाठवायचं पोर्ट 25 राहिलेलं असतं आणि स्पॅम रोखायला नेट देणाऱ्या अनेक कंपन्या तेच बंद ठेवतात. मग मेल येते, पण जात नाही, आणि ब्राउझरला याचा पत्ताही नसतो. दुसरं म्हणजे, राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमचा बाहेरचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर सामाईक आहे. घरच्या कॉम्प्युटरवर गेमचा सर्व्हर चालवायचा म्हटलं तर बाहेरच्या मित्रांना तो सापडणारच नाही. यावर सरळ इलाज एकाकडेच: ज्याला फोन करू नका असं मेसेज सांगतो, त्याच केबलवाल्याकडे.

आता काका. लॅपटॉपवर फायरफॉक्स झकास चालत होता, हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ म्हणून अडून बसलेलं. “दोनदा काढून टाकलं रे, तरी तेच!” आधी लॅपटॉप माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडला. तक्रार तीच, म्हणजे राउटर आणि केबलवाला दोघे सुटले. मग विचारलं, “काका, एज उघडून बघितलंत?” “ते कोण वापरतं?” विंडोजबरोबर येणाऱ्या या ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना, प्रॉक्सीची (नेटला जाताना मध्ये बसणाऱ्या मध्यस्थाची) चूक दाखवत होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचं पान काढलं, तर टिक चालू आणि पत्ता 127.0.0.1, म्हणजे हाच लॅपटॉप. कधीतरी घातलेला एक फुकटचा व्हीपीएन (नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवणारा प्रोग्राम) काढून टाकला होता, पण जाताना ही टिक ठेवून गेला. प्रोग्राम बिचारा आपल्याच घराची बेल वाजवत उभा, आत कुणी नाही! फायरफॉक्समध्ये मात्र कुणीतरी ‘प्रॉक्सी नको’ निवडून ठेवलं होतं, म्हणून तो सुटला. टिक काढली, सॉफ्टवेअर जोडलं गेलं. दोष विंडोजच्या सेटिंगमध्ये असल्यावर सॉफ्टवेअर दहा वेळा टाकून काय होणार?

फायरवॉल कायमची बंद करा, हा मुद्दा मात्र वाचून डोकंच फिरलं. विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेरून न बोलावता येणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा हात लावत नाही. त्यामुळे नुसतं बाहेर बोलणाऱ्या प्रोग्रामच्या आड ती क्वचितच येते. अँटीव्हायरसबरोबर आलेली वेगळी फायरवॉल कधी कधी येते. संशय असेल तर दोन मिनिटं बंद करून बघा, लगेच चालू करा आणि त्या एकाच प्रोग्रामला परवानगी द्या. मे 2017 मधला वॉनाक्राय व्हायरस आठवतो? कुणी काही क्लिक न करता, असाच न बोलावता, पोर्ट 445 मधून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला होता.

डीएनएसला अर्धा गुण देतो. 8.8.8.8 ही गूगलची सेवा 2009 पासून आहे. तिचं काम टेलिफोन डिरेक्टरीचं: नाव द्या, पत्ता घ्या. डिरेक्टरी बदलून रस्ता रुंद होत नाही, त्यामुळे ‘स्पीड दुप्पट’ ही थाप. पण हल्ली ब्राउझर स्वतःची वेगळी डिरेक्टरी वापरू शकतो. अशा वेळी नेट देणाऱ्या कंपनीची डिरेक्टरी बिघडली तर साइट उघडतात आणि बाकीचे प्रोग्राम अडतात. तेव्हा हा उपाय खरंच लागू पडतो.

20 टक्क्यांची अफवा विंडोज एक्सपीच्या जमान्यातली. ती राखीव जागा अग्रक्रम मागणाऱ्या प्रोग्रामसाठी असते. कुणी मागितलाच नाही, तर सगळी जागा सगळ्यांची. शिवाय मेसेजवाले ज्या ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगच्या खिडकीतून ती ‘सोडवायला’ सांगतात, ती विंडोजच्या होम आवृत्तीत नसतेच.

राहिलं फॉरमॅट. त्याने काकांचं काम झालंही असतं, कारण टिक आपोआप गेली असती. पण हिशेबाचा शेवटचा बॅकअप त्यांनी दिवाळीत घेतला होता.