फोनच्या खोक्यावर तारीख छापा

मोबाईलच्या खोक्यावर बारीक अक्षरात काय काय छापलेलं असतं ते कधीतरी निवांत वाचा. एमआरपी, सर्व करांसहित. कोणत्या महिन्यात बनवला. कुठे बनवला. आयएमईआय नंबर, दोन सिमचे दोन. तक्रार करायची तर कुठे, तो पत्ता. यातलं बरंचसं कंपनी काही हौसेने छापत नाही. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वैधमापन नियम तिला छापायला लावतात. पण हा फोन सुरक्षित ठेवायची जबाबदारी कंपनी कधीपर्यंत घेणार आहे, ते मात्र त्या खोक्यावर कुठेच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती तारीख एमआरपीच्या शेजारी छापा. ‘३ वर्षं अपडेट’ असलं मोघम नको, महिना आणि वर्ष लिहा.

‘तीन वर्षं’ म्हटलं की आपल्याला वाटतं, आपण घेतल्यापासून तीन वर्षं. बहुतेक कंपन्यांचं घड्याळ मात्र ते मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं त्या दिवसापासून चालू झालेलं असतं. आणि आपल्याकडे फोन कधी घेतात? दसरा-दिवाळीच्या सेलला. सेलमध्ये दणकून भाव उतरतात ते कुठल्या फोनचे? दीड-दोन वर्षं, कधी त्याहूनही जुन्या मॉडेलचे. समजा २०२१ च्या सुरुवातीला आलेला फोन, ‘तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट’वाला. तुम्ही तो २०२३ च्या दिवाळीत ‘४० टक्के सूट’ बघून घेतला. तुमच्या वाट्याला आले तीन-चार महिने. नो-कॉस्ट ईएमआयचे हप्ते पुढच्या दिवाळीपर्यंत चालू, आणि अपडेट शिमग्याच्या आत बंद. ही सूट कशावर होती, हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

बरं, विचारलं तरी काय होतं ते सांगतो. मामांसाठी फोन घ्यायचा म्हणून मागे कराडच्या एका मोबाईल शॉपीत गेलो होतो. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, याला अपडेट किती वर्षं मिळणार?

“लाइफटाइम हाय की काका.”

“लाइफटाइम म्हणजे कुणाचा?”

“फोन चालतोय तवर!” आणि लगेच कॅमेरा उघडून माझ्यासमोर धरला. “पन्नास मेगापिक्सेल हाय, ह्ये बघा की.”

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कंपनीच्या माणसाने मेगापिक्सेल, रॅम आणि चार्जिंगचे वॅट एवढंच पढवलेलं असतं. खोक्यावर तारीख असती तर तीही त्याने तोंडपाठ केली असती, आणि शेजारच्या फोनची तारीख दोन वर्षं पुढची आहे म्हणून मला तो फोन विकायला बघितला असता. मला नेमकं तेच हवंय.

अपडेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर नवे आयकॉन, नवा रंग, बदललेली सेटिंग्ज येतात. ते झालं व्हर्जन अपग्रेड. अँड्रॉइड १३ चं १४, १४ चं १५. ते नाही मिळालं तर माझी अजिबात तक्रार नाही. मी बोलतोय ते सिक्युरिटी पॅचबद्दल, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्तीबद्दल. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचा दोष सापडला, तेव्हा नुसता एक एमएमएस पाठवून अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येईल अशी परिस्थिती होती. मालकाने काही दाबायचीसुद्धा गरज नव्हती. त्या दणक्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दर महिन्याला सुरक्षेचं बुलेटिन काढायला सुरुवात केली. म्हणजे कुठे काय भोक आहे आणि ते कसं बुजवलं, याची यादी जाहीर होऊ लागली. ज्यांच्या फोनला पॅच मिळतो त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे दुरुस्ती. ज्यांचा पॅच बंद झालाय त्यांच्यासाठी तीच यादी म्हणजे चोराच्या हातात दिलेला घराचा नकाशा.

तुमच्या फोनची सध्याची तारीख बघायला एक मिनिट पुरतं. सेटिंग्जमध्ये जा, अबाउट फोन, मग अँड्रॉइड व्हर्जन. तिथे ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ म्हणून तारीख असते. ती महिन्याच्या १ ची किंवा ५ ची असते. हा योगायोग नाही. १ तारखेच्या पातळीत अँड्रॉइडच्या मुख्य भागातल्या दुरुस्त्या येतात. ५ तारखेच्या पातळीत त्या सगळ्या असतातच, वर कर्नल (म्हणजे प्रणालीचा गाभा) आणि चिप बनवणाऱ्यांच्या भागातल्याही असतात. मामांच्या जुन्या फोनवर ‘५ ऑक्टोबर २०२१’ होतं. त्याच फोनवर त्यांचं यूपीआय, बँकेचं अ‍ॅप, आणि गट नंबर टाकून, बांधावर उभं राहून करायची ई-पीक पाहणी. फोन दिसायला ठणठणीत. काचेवर चरा नाही, आवाज खणखणीत. मामा म्हणाले, “चांगला चाललाय की रे, कशाला बदलायचा?” त्यांना काय उत्तर द्यायचं? फोन खराब नाही मामा, पण कंपनीने त्याच्यातून अंग काढून घेतलंय.

आणि हे एकट्या मामांचं नाही. आपल्या घरांत फोनचा प्रवास ठरलेला असतो. पोरगा पुण्यात नोकरीला लागला की नवा घेतो, त्याचा जुना आईकडे, आईचा गावाकडे काकांना, काकांचा पडलाच तर नातवाच्या अभ्यासाला. शहरातला माणूस अडीच-तीन वर्षांत फोन बदलतो, म्हणून ‘एवढे अपडेट पुरेत’ असं कंपन्यांचे लोक सांगतात. मालक बदलतो, फोन मरत नाही हो! उलट ज्याच्या हातात तो शेवटी जातो, त्यालाच लबाडाची लिंक ओळखता येत नाही, आणि त्याच्याच खात्यात पीकविम्याचे नाहीतर योजनेचे पैसे येतात.

“चार वर्षांत बॅटरीच जाते, अपडेटचं काय घेऊन बसलात” असं एक मित्र म्हणाला. बॅटरी बदलून मिळते. गल्लीतला दुकानदार हजार-दीड हजारात तासाभरात घालून देतो. सिक्युरिटी पॅच गल्लीत मिळत नाही. तो देण्याचा अधिकार फक्त कंपनीकडे आहे आणि तिने नाही म्हटलं की विषय संपला. जाणकार पोरं फोनचं कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडून लिनिएज ओएससारखी बाहेरची प्रणाली घालतात, पण मग बरीच बँकांची अ‍ॅपं त्या फोनवर चालायचं नाकारतात. मामांना तर हे सांगूच नका.

आता कंपन्यांची बाजू. पॅच देणं फुकटात होत नाही. गूगलने दुरुस्ती काढली की ती चिप बनवणाऱ्याकडे जाते. क्वालकॉम, मीडियाटेक यांनी आपापले ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्याशी जुळवायचे, मग फोन कंपनीने ते आपल्या मॉडेलमध्ये बसवून तपासायचं. चिपवाल्याने हात वर केले की फोनवाला अडकतो. हे खरं आहे. पण एक-एक कंपनी वर्षाला डझनावारी मॉडेलं काढते, नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून. मग एवढ्या सगळ्यांना पॅच कसा द्यायचा म्हणून तीच रडते. पोरं जन्माला घालताना विचार करायचा होता.

आणि ‘जमत नाही’ हे तर आता म्हणायची सोय उरलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेवढेच. ‘ते लाखाचे फोन आहेत’ म्हणाल, तर त्याच वर्षी आलेल्या गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीला सहा वर्षं आहेत आणि तो वीस हजारांच्या आतला फोन आहे. अ‍ॅपल आधी फार बोलत नाही, पण २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली होती. आणि सगळ्यांत मला आवडणारं उदाहरण फेअरफोनचं. नेदरलँड्समधली छोटीशी कंपनी. २०१५ चा त्यांचा फेअरफोन २. चिपवाल्याने त्यातल्या स्नॅपड्रॅगन ८०१ चिपला कधीच वाऱ्यावर सोडलं होतं. तरी यांनी स्वतः खटपट करून त्याला अँड्रॉइड १० पर्यंत नेलं आणि मार्च २०२३ पर्यंत सांभाळलं. एवढ्याशा कंपनीला जे जमलं ते अब्जावधींचा धंदा करणाऱ्यांना जमत नाही, हे कुणाला सांगता?

एक शंका मात्र मला पटते. ‘अपडेट घेतला आणि फोन स्लो झाला’ ही तक्रार घरोघरची आहे आणि ती नुसती मनाची समजूत नाही. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये याच कारणासाठी अ‍ॅपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोकला होता. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला एक अपडेट पाठवला आणि कित्येकांचा फोन दिवसभर टिकेनासा झाला. बॅटरीच्या सुरक्षेसाठी तिची क्षमताच कमी केली होती. नंतर मोफत बॅटरी, पैसे वगैरे द्यावे लागले. त्यामुळे लोक अपडेटला घाबरतात, आणि घाबरून सिक्युरिटी पॅचही टाळतात. म्हणून या दोन गोष्टींची गाठ सोडवा. व्हर्जन नको असेल तर नको म्हणायची मुभा द्या, जुन्या व्हर्जनवर पॅच देत राहा. सहा वर्षांच्या फोनवर नवं अँड्रॉइड कोंबायचा आग्रह मला तरी नाही.

किती वर्षं, तर माझ्या मते कुठल्याही किमतीच्या फोनला सुरक्षेची किमान सहा. स्वस्त फोनला तर आधी. लाखाचा फोन घेणारा दोन वर्षांनी तो बदलणारच आहे, आठ-दहा हजारवाला तो वापरून वापरून संपवणार आहे.

युरोपने २० जून २०२५ पासून नियम लागू केला. तिथे अपडेटची किमान पाच वर्षं मोजतात ती मॉडेल बाजारात पाठवणं बंद झाल्यापासून, लाँचपासून नाही. त्यातही पळवाटा शोधणारे शोधतीलच, पण मोजायची जागा बरोबर आहे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून वेगळी वाट धरली. किती वर्षं द्यायचं ते कंपनीने ठरवावं, पण किमान मुदत जाहीर करावीच लागेल. त्यामुळे अ‍ॅपललाही तिथे लिहून द्यावं लागलं: आयफोन १५ प्रो मॅक्सला किमान पाच वर्षं.

आपल्याकडे या दोन्हींची मोट बांधणं सोपं आहे, कारण खोक्यावर उत्पादनाचा महिना आधीच असतो. शेवटचा फोन कधी विकला जाईल हे कंपनी आधीच कसं छापणार, असं कोणी विचारेल. नकोच छापायला. त्या खोक्यावर जो महिना आहे, त्यात सहा वर्षं मिळवा आणि ती तारीख छापा. ऑक्टोबर २०२५ मध्ये बनवलाय? मग ‘सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०३१ पर्यंत’. मॉडेल तीन वर्षं विकत बसा नाहीतर पाच, ज्याच्या त्याच्या खोक्यावर ज्याची त्याची तारीख. ऑनलाइन विकत असाल तर किमतीच्या खाली तीच ओळ. आणि पाळली नाही तर ग्राहक मंचात धरता येईल अशी, जाहिरातीतल्या चांदणीखालच्या अटींसारखी नव्हे.

सरकार याबाबतीत झोपलंय असंही नाही. ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी समिती नेमली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, याबरोबर सॉफ्टवेअर अपडेट हाही त्यात एक निकष आहे. पण सगळं मिळून शेवटी पाचपैकी किती असे गुण द्यायचे म्हणतात. इथेच माझी पाल चुकचुकते. स्क्रू चांगले म्हणून चार गुण मिळालेला फोन दोन वर्षांत पॅचविना राहू शकेल. फ्रिजवरचे तारे बघून आपण वीजबिलाचा अंदाज बांधतो, तो बांधता येतो. पण मामांचं बँकेचं अ‍ॅप कोणत्या महिन्यापर्यंत निर्धास्त वापरायचं, हे गुणांवरून कसं कळणार?

तोवर एक करता येईल. या दिवाळीत फोन घेताना कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची अपडेटची मुदत शोधा आणि ती लाँचपासून मोजा. सापडली नाही तर ग्राहक सेवेला ईमेल करून लेखी विचारा. मी तीन कंपन्यांना विचारलं. एकीने तारीख दिली, एकीने ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं कळवलं, तिसरीचं उत्तर अजून यायचंय. मामांना पहिलीचा फोन घेतला. कॅमेरा बारा मेगापिक्सेलने कमी आहे, त्यावरून मामी अजून टोमणे मारते.