पाण्याला घाबरता आणि दारात गर्दी करता?

संताप अनावर झालाय म्हणून लिहितेय. पोहण्याच्या क्लबचं रोजचं कामकाज मी बघते. बॅच लावणं, स्लॉटचं रजिस्टर, पाण्याची तपासणी, पालकांचे फोन, सगळं माझ्याच गळ्यात. कोरोना महामारीच्या बंदीनंतर तलाव उघडला, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न कानावर आदळतोय. "पाणी सेफ आहे ना हो?" आणि विचारणारा उभा कुठे असतो? मास्क हनुवटीवर, तोंड माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, मागे त्याच्याच बॅचची माणसं दाराला खेटून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पाण्याचं सोडा हो. हा विषाणू क्लोरीनपुढे टिकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या विषाणुतज्ज्ञांनी प्रयोगशाळेत तपासून सांगितलं, की लिटरमागे १.५ मिलिग्रॅम फ्री क्लोरीन (म्हणजे घाम-मळात अजून खर्ची न पडलेलं, मोकळं क्लोरीन) आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी याचं माप) ७ ते ७.२ असेल, तर ३० सेकंदांत विषाणूची संसर्ग करण्याची ताकद हजारपटीहून जास्त घटते. एवढं क्लोरीन नीट चालवलेल्या तलावात असतंच. महामारी नव्हती तेव्हाही असायचं, कारण बाकीचे जंतू काय सुट्टीवर नव्हते.

धोका आहे तो हवेत, श्वासात, कोंदट खोलीतल्या गर्दीत. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन जाहीर आवाहन केलं की हा रोग हवेतून पसरतो हे मान्य करा आणि खेळत्या हवेकडे लक्ष द्या. त्याला किती काळ लोटला! तरी आमच्याकडे तपासणीला येणारे साहेब आधी विचारतात, "फवारणीचा बोगदा का नाही बसवला?" माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, कुठल्याही परिस्थितीत नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलंय. मी ते छापून दाखवलं. त्यांनी कागद बाजूला सारला आणि सॅनिटायझरची बाटली कुठल्या टेबलावर आहे ते लिहून घेतलं. चेंजिंग रूमच्या खिडक्या उघडतात की गंजून घट्ट बसल्यात, याची चौकशी त्यांनी केली नाही. एकदाही नाही.

आता क्लोरीनचा अतिरेक ऐका. कमिटीतल्या एकांनी मला न विचारता रात्रपाळीच्या माणसाला फर्मान सोडलं, "कोरोना आहे, डबल टाका." त्याने बिचाऱ्याने टाकलं. सकाळी नवीन मदतनीस मुलाने नळकांडीत पाणी घेतलं, क्लोरीन मोजायची डीपीडीची गोळी टाकली, क्लोरीन असेल तसं पाणी गुलाबी होतं. पाणी क्षणभर भडक गुलाबी झालं आणि बघता बघता पांढरं पडलं. त्याला वाटलं, क्लोरीन शून्य! पावडरचा डबा उघडून तो ओतायला निघाला होता. मी त्याच्या हातातून डबा अक्षरशः हिसकावला. क्लोरीन प्रमाणाबाहेर गेलं की ते गोळीचा रंगच खाऊन टाकतं, म्हणून नळी कोरी दिसते. शून्य म्हणून नव्हे, तर भयंकर जास्त म्हणून. अर्ध्या तासात लहान मुलांची बॅच उतरणार होती त्या पाण्यात! मी बॅच रद्द केली, तर पालकांनी माझ्यावरच आवाज चढवला. ज्यांनी "डबल टाका" म्हटलं, त्यांचा त्या दिवशी फोन लागेना.

शिवाय जास्त टाकून जास्त संरक्षण मिळतं, हाही गैरसमजच. क्लोरीनची खरी ताकद पीएचवर अवलंबून असते. पीएच ७.२ असेल तर फ्री क्लोरीनपैकी साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारायच्या रूपात असतो. तोच पीएच ८ वर गेला की जेमतेम पाव भाग उरतो. आणि क्लोरीनसाठी आपण जी हायपोक्लोराइटची पावडर किंवा द्रावण ओततो, तेच पीएच वर ढकलतं. म्हणजे डोळे मिटून ओतत राहिलात, तर डोळे झोंबतील, खोकला लागेल, पोहण्याचे कपडे विटतील, आणि टाकलेल्यातलं बरंचसं क्लोरीन बिनकामाचं पाण्यात पडून राहील. दोन्ही गोष्टी मोजायच्या असतात. रोज, अनेकदा, वहीत लिहून. मी हे कानीकपाळी ओरडून सांगते, आणि समोरून उत्तर येतं, "वास तर येतोय ना क्लोरीनचा, मग झालं."

वास येतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय! तो उग्र दर्प स्वच्छ क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी, अंगाचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. आणि इथे मला नियम करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त राग येतो. शॉवर बंद ठेवा म्हणाले, गर्दी होते म्हणून. घरूनच पोहण्याचे कपडे घालून या म्हणाले. ठीक आहे, कपड्यांचं पटलं मला, चेंजिंग रूममधला वेळ वाचतो. पण घरून निघताना अंघोळ करा हे कुणी ठासून सांगितलं? लोक चालत येतात, सायकलवर येतात, घामाने निथळत येतात आणि तसेच धाडकन पाण्यात. आलेला घाम क्लोरीन खातो. मग फ्री क्लोरीन घसरतं, क्लोरामाइन वाढतं, मुलं खोकतात, आणि खोकला ऐकला की गेटवरचे पालक घाबरून विचारतात, "याला कोरोना तर नाही?" एक शॉवर आड एक चालू ठेवला असता, दोन-दोन माणसं सोडली असती, तर भागलं असतं. पण तेवढा विचार करायला आधी तलावावर येऊन उभं राहावं लागतं.

आणि बंद ठेवलेल्या शॉवरचं पुढे काय होतं, हे तर कुणाच्या गावीही नसतं. नळांत कोमट पाणी आठवडेच्या आठवडे तुंबून राहिलं की त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. वीस ते पंचेचाळीस अंशांमधलं तापमान त्यांना मानवतं. पुढे कधीतरी शॉवर सोडला की तुषारांतून ते थेट फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. म्हणून वापर नसला तरी नळ नियमित सोडावे लागतात, पुन्हा सुरू करताना सगळी लाइन नीट धुवावी लागते. तलाव बंद म्हणजे खर्च बंद, काम बंद, असं समजणाऱ्यांना माझं सांगणं आहे, एकदा पंपरूममध्ये या. पाणी फिरतं ठेवावंच लागतं, फिल्टरचा बॅकवॉश (उलट पाणी सोडून धुणं) करावाच लागतो. रिकामा करून ठेवावा म्हटलं, तर जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने तलावाचा तळ उचलला जाऊ शकतो. आमच्या पंपवाल्या दादांनी बंदीच्या काळात रोज येऊन हे सगळं केलं. त्यांचा पगार कापायचा विषय मीटिंगमध्ये निघाला होता. मी त्या दिवशी जे बोलले, त्याचा एक शब्दही मागे घेणार नाही.

बरं, पाण्यातल्या वागण्याचं. कोच मुलांना अंतर ठेवून पोहायला लावतात, पोहताना ते राहतंही. पण सेट, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या, संपला की सगळी भिंतीशी गोळा! दम लागलेला, तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलतेय, आणि पाच-सहा जण एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत गप्पा मारतायत. मोठी माणसं मुलांपेक्षा वाईट. अर्ध्यांनी उथळ टोकाला थांबा, अर्ध्यांनी खोल टोकाला, एवढी साधी व्यवस्था मी लावून दिलीय. "आम्ही इतकी वर्षं इथेच थांबतो," असं मला सुनावलं जातं. काका, तुमची वर्षं मान्य, तुमचा मानही मान्य. पण तुमच्या शेजारी जो मुलगा धापा टाकतोय, त्याच्या घरी आजी आहे.

ज्यांचा तलाव छताखाली आहे, त्यांची तर मला जास्तच काळजी वाटते. तिथे बाहेरची ताजी हवा आत घ्यायची म्हणजे ती गरम करावी लागते, कोरडी करावी लागते, वीज जळते. म्हणून आतलीच हवा फिरवत राहायची सवय. पाण्याला अगदी लागून, जिथे पोहणारा श्वास घेतो तिथेच, क्लोरामाइनही साठतं. ताजी हवा वाढवली तर विषाणू आणि क्लोरामाइन, दोन्हींचा त्रास कमी होतो. बिल वाढेल, हो, वाढेल. मग वाढू दे ना!

पण ज्यासाठी मी खरं लिहायला बसले ते वेगळंच आहे. आमचे लाइफगार्ड.

गेटवर तापमान कोण बघणार? लाइफगार्ड. मास्क घाला कोण सांगणार? लाइफगार्ड. किकबोर्ड पुसणार कोण? स्लॉट संपला म्हणून लोकांना बाहेर कोण काढणार? लाइफगार्ड. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) तलावांसाठीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं, की जो लाइफगार्ड पाण्यावर लक्ष ठेवतोय, त्याच्यावर मास्क, हात धुणं, अंतर यांची देखरेख टाकू नका, त्यासाठी दुसरा माणूस नेमा. इतकी सरळ गोष्ट. मी ती मीटिंगमध्ये वाचून दाखवली. "एवढी माणसं कुठून आणायची?" म्हणून विषय संपवला.

परवा काय झालं ते सांगते. स्लॉट बदलायची वेळ. एक गृहस्थ बुकिंग नसताना आत शिरायला बघत होते, दारात आरडाओरडा सुरू झाला, आणि कुणीतरी लाइफगार्डला हाक मारली. तो गेला. मी पाण्याच्या नमुन्याची नळी हातात घेऊन काठाने येत होते आणि माझी नजर खुर्चीवर गेली. रिकामी. पाण्यात मुलं होती. तिसऱ्या लेनमध्ये एक छोटी मुलगी, डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबतायत, आणि आवाज म्हणून नाही. बुडणारं माणूस ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो, ओरडणार कशाने? मी नळी टाकली आणि कपड्यांनिशी उडी मारली. ती खोकली, रडली, ठीक आहे. तिची आई दारातच होती, त्या भांडणात मध्यस्थी करत होती. तिला काही कळलंही नव्हतं.

अर्धं मिनिट. एवढ्यात सगळं होऊन जातं. आणि त्या गृहस्थांनी जाताना मला काय म्हणावं? "मॅडम, तुम्ही पाण्यातून बाहेर आल्यावर मास्क नाही घातला."

त्यापुढची गोष्ट. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे. त्याला नुसतं छाती दाबून भागत नाही, श्वास द्यावा लागतो, आधी श्वास. महामारीत तोंडाला तोंड लावायला कुणीही कचरणार, माणूस आहे तो. त्यासाठी बॅग-मास्क असतो, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून पिशवी दाबत हवा द्यायचं साधन, त्याला विषाणू अडवणारा फिल्टर लावता येतो, आणि दोघांनी मिळून तो वापरायचा सराव करावा लागतो. आमच्याकडे थर्मल गन आल्या, पाय ठेवायची स्टिकरं आली, प्रवेशद्वारावर फलक आला. बॅग-मास्क अजून "विचाराधीन" आहे! ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी कुणाच्या तोंडाकडे बघायचं आम्ही?

मला सांगा, तलाव उघडा ठेवायला माझा विरोध असता तर मी पहाटे येऊन पीएच मोजला असता का? मुलांनी पोहावं असं मला मनापासून वाटतं. ज्यांचे गुडघे गेलेत त्या आजींना पाण्याशिवाय दुसरा व्यायाम जमत नाही, त्यांनी यावं असं वाटतं. इतके महिने घरात कोंडलेली पोरं पाण्यात पडल्यावर कशी खुलतात ते मी रोज बघते. म्हणूनच जीव तुटतो.

तर आता असं होणार. गेटवर वेगळा माणूस नसेल तर बॅच सुरू होणार नाही, मी किल्लीच देणार नाही. लाइफगार्डची खुर्ची रिकामी दिसली की शिट्टी वाजेल आणि सगळे पाण्याबाहेर, मग सेट अर्धा राहिला तरी राहिला. क्लोरीनच्या डब्याला कुलूप लागलंय, वहीत सही केल्याशिवाय ते कुणालाही उघडता येणार नाही, कमिटीच्या सभासदांनासुद्धा. अंघोळ न करता आलात तर परत पाठवीन. कुणाला तक्रार करायची असेल त्यांनी लेखी द्यावी. दारात गर्दी करून नाही.